भिंतीच्या फटी बुजवणारा फोम लोक कयाकमध्ये का भरतात? आणि तो कधी घात करतो?

एसीचा पाइप भिंतीतून बाहेर काढला की मिस्त्री एक डबा खळखळ हलवतो आणि भोवतीच्या फटीत पिवळसर फेस सोडतो. बघता बघता तो फुगतो आणि कडक होतो. हाच तो पीयू फोम, म्हणजे पॉलियुरेथेन. परदेशात अनेक हौशी लोक तो आपल्या कयाकमध्येही भरतात. पण का?

कयाकला फोम कशाला?

कयाक ही मूळची आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची होडी. चालवणाऱ्याच्या अंगाच्या मापानेच ती बांधली जायची. आजच्या बऱ्याच कयाक मात्र साच्यातून निघालेल्या, प्लॅस्टिकच्या आणि आतून पोकळ असतात. उलटली की पाणी आत शिरतं. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. 150 लिटर शिरलं, तर दीडशे किलो पाण्यासकट होडी काठाला ओढायची!

टोकांना फोम असेल, तर तेवढ्या जागेत पाणी शिरत नाही. होड्यांसाठीच्या हलक्या फोमचं वजन लिटरला साधारण 32 ग्रॅम, पण पाण्याखाली गेल्यावर तो जवळपास 1 किलो भार उचलून धरतो.

मग डबा आणून फवारायचा का?

इथेच गफलत होते. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओट्टो बायर आणि सहकाऱ्यांनी 1937 मध्ये लावला. डब्यातला फोम हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. कयाकच्या बंद टोकात हवाच पोहोचत नाही. वरचा थर सुकतो, आतला गोळा ओलाच राहतो आणि नंतर सावकाश फुगत होडीची भिंत बाहेर ढकलतो.

म्हणून होड्यांसाठी दोन द्रव मिसळून तयार होणारा फोम वापरतात. तो हवेवर अवलंबून नसतो आणि काही मिनिटांत फुगतो. तोही थोडा थोडा, थराथराने ओतावा लागतो.

तडा बुजवता येतो का?

नाही. बहुतेक प्लॅस्टिक कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यावर हा फोम नीट चिकटत नाही. मधल्या बारीक फटीत पाणी साचतं. वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिलेला फोम पाणी पितो आणि होडी जड होते. उन्हाने तो पिवळा पडून भुगाही होतो. तडा गेला, तर प्लॅस्टिक वेल्डिंग हाच खरा इलाज.

बैठक आणि पायटेका

खळाळत्या नदीतले कयाकपटू फोम प्लॅस्टिकच्या पिशवीत ओततात आणि तो फुगत असताना पिशवी अंगाच्या आकाराला दाबून बसवतात. सुकल्यावर कापून, घासून मापाची बैठक किंवा पाय टेकवायचा ठोकळा तयार! मात्र ही प्रक्रिया उष्णता सोडते, त्यामुळे चटका बसू शकतो. आणि बैठक इतकी घट्ट नको, की होडी उलटल्यावर पाय अडकतील.

हे विसरू नका

फोममधलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतं. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. डब्यातला वायू पेट घेतो, त्यामुळे जवळ आग नको. ओला फोम अ‍ॅसिटोनने निघतो, सुकलेला मात्र खरवडावाच लागतो.

थोडक्यात, एकदा भरलेला फोम सहज काढता येत नाही. त्यामुळे फक्त तरंगण्यासाठीच हवा असेल, तर टोकांत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या जास्त सोयीच्या. त्या काढता येतात आणि मागचा तडाही तपासता येतो. फोम असो वा पिशवी, ती होडीला तरंगवते. माणसाला तरंगवायला लाइफ जॅकेटच लागतं.