कोणत्या बोटाला मुंग्या येतात?

रात्री हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं, आणि ‘रक्त अडलं असेल’ म्हणत माणूस पुन्हा झोपतो. बहुतेक वेळा दोष रक्ताचा नसतो, दबलेल्या नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा असतो. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘हात बधिर होतो’ असं सांगू नका. नेमकी कोणती बोटं, ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू, या भागाची संवेदना एकच मज्जातंतू वाहून नेतो. मनगटात तो हाडं आणि एक जाड पट्टा यांमधल्या अरुंद बोगद्यातून जातो. त्याच बोगद्यात बोटं मिटवणाऱ्या 9 दोऱ्या असतात. त्यांच्या आवरणाला सूज आली की दाब मज्जातंतूवर येतो. झोपेत मनगट दुमडलेलं राहिलं की तो आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात यांत हे अधिक आढळतं. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही पुष्कळांना आराम पडतो. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खोलगट दिसू लागला, तर थांबू नये. बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापण्याची छोटी शस्त्रक्रिया तेव्हा लागू शकते.

दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होऊन हातांपर्यंत आलेल्या मुंग्या वेगळ्या. तिथे रक्तातली साखर आणि बी-12 तपासायला हवं. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तातडीने रुग्णालय गाठावं.

आता उरलेली बोटं. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू बधिर होत असेल, तर दोष बहुधा कोपरामागून जाणाऱ्या दुसऱ्या मज्जातंतूत. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात तो हाच मज्जातंतू. फोन कानाला लावून हात बराच वेळ दुमडलेला ठेवला, तरी तो ताणला जातो. पण आपल्याकडे इथे आणखी एक शंका घ्यायलाच हवी, ती कुष्ठरोगाची. या रोगात कोपरामागचा हा मज्जातंतू जाड होऊ शकतो. सोबत अंगावर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा आहे का, ते पाहावं. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. लाजेपोटी तो लपवणं फार महागात पडतं. सरकारी आरोग्य केंद्रात औषधं मोफत मिळतात आणि 6 ते 12 महिन्यांत जंतूंचा बंदोबस्त होतो. उशीर झाल्यास गेलेली संवेदना मात्र परत येईलच असं नाही.