प्रयोगशाळेतील संगणक

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत खानदेशची काळी जमीन पसरलेली आहे. जळगावची केळी काय, धुळ्याचा कापूस काय, दोन्ही याच मातीची लेकरे होत. या मातीची परीक्षा करावयाची झाली, म्हणजे तिचा सामू पाहावा लागतो. इ. स. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळू लागलेल्या मृद आरोग्य पत्रिकेवरही हा आकडा असतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी असल्यास पदार्थ आम्लधर्मी व अधिक असल्यास आम्लारिधर्मी समजावा. माती फार आम्लारिधर्मी झाली, की तिच्यात लोह असूनही ते मुळांना मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून हा आकडा केवळ वाचता येऊन भागत नाही; त्याचा अर्थ कळावा लागतो.

तो अर्थ माध्यमिक शाळेत प्रयोगाने शिकवितात. शंकुपात्रात २५ मिलिलीटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाकतात. मग ब्युरेट या खुणा केलेल्या उभ्या नळीतून तितक्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण हळूहळू सोडतात. बराच वेळ रंग पालटत नाही. आणि एकाएकी एखाद्या थेंबासरशी सारे द्रावण गुलाबी होते. रंग पालटला हे डोळ्यांना दिसते. तो असा एकाएकी का पालटला, हे मात्र दिसत नाही.

येथे संगणक साहाय्यास येतो. सामू मोजणारी काचेची शलाका द्रावणात बुडवून संगणकास जोडली, की पडद्यावर आलेख उमटू लागतो. दोन्ही द्रावणे ०.१ मोलर असतील, तर आरंभी सामू १ असतो. २४.९ मिलिलीटर द्रावण पडेपर्यंत तो सावकाश चढून सुमारे ३.७ होतो, २५.१ मिलिलीटर होताच तो सुमारे १०.३ वर जातो! मधे पडतात ते अवघे चार थेंब. आलेखाची रेषा तेथे कड्यासारखी उभी राहते, आणि गुलाबी रंगाचे कोडे उलगडते.

जेथे अशी साधने नाहीत, तेथे आभासी प्रयोगशाळा उपयोगी पडते. मुंबईचे सी-डॅक व अमृता विश्वविद्यापीठम् या संस्थांनी ‘ओलॅब्स’ नावाची अशी प्रयोगशाळा तयार केली आहे. तीत नववी ते बारावीचे प्रयोग संगणकावर करता येतात. मराठीचीही सोय आहे. तेथे काच फुटत नाही, आम्ल अंगावर उडत नाही, आणि एकच प्रयोग दहा वेळा केला तरी रसायन संपत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेत ब्युरेट एकच असेल, तर ही सोय लहान नव्हे.

तथापि पडद्यावरील ब्युरेटमध्ये हवेचा बुडबुडा अडकत नाही. खऱ्या ब्युरेटमध्ये तो अडकतो व मोजमाप चुकवितो. तोटी किती फिरवावी, हे बोटांनीच शिकावे लागते. शलाकाही ज्ञात सामूच्या द्रावणात आधी पारखून घ्यावी लागते. नाहीतर संगणक चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे दाखवितो.

म्हणून आधी पडद्यावर सराव करावा, मग काचपात्रात प्रयोग करावा आणि शेवटी दोहोंचा मेळ घालून पाहावा. यंत्र आकडा देते. तो खरा की खोटा हे पारखण्याचे काम माणसाचेच असते. हे ज्याला शाळेत उमगले, तो उद्या आपल्या शेतातील मातीचा सामूही डोळसपणे वाचील.