द बर्थ ऑफ अ नेशन

द बर्थ ऑफ अ नेशन हा डी. डब्ल्यू. ग्रिफिथ दिग्दर्शित १९१५ सालचा अमेरिकन मूकपट आहे. तो टॉमस डिक्सन यांच्या द क्लॅन्समन (१९०५) या कादंबरीवर आधारित आहे. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटाने संकलन व छायाचित्रणाच्या तंत्रात मोलाची भर घातली. मात्र कृष्णवर्णीयांविषयीच्या वंशवादी प्रतिमा रूढ करण्यासही तो कारणीभूत ठरला.

कथानक व चित्रण

कथानक अमेरिकन यादवी युद्ध (१८६१–६५) आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात घडते. प्रमुख कृष्णवर्णीय पात्रे तोंडाला काळा रंग फासलेल्या श्वेतवर्णीय नटांनी साकारली. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळातील कृष्णवर्णीय सदस्य मद्यपान करताना व मेजावर अनवाणी पाय टाकून बसलेले दाखवले आहेत. गस हे पात्र श्वेतवर्णीय तरुणीचा पाठलाग करते आणि ती कड्यावरून उडी घेते. कू क्लक्स क्लॅन ही हिंसक संघटना येथे तारणहार ठरते. शेवटी सशस्त्र क्लॅन कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखते व चित्रपट तो विजय म्हणून साजरा करतो.

प्रदर्शन व विरोध

फेब्रुवारी १९१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये चित्रपटाचा खेळ झाला. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने देशभर निषेध केला. बॉस्टनमधील आंदोलनाचे नेतृत्व संपादक विल्यम मनरो ट्रॉटर यांनी केले. ओहायो व कॅन्सस राज्यांनी प्रदर्शनास बंदी घातली. कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांचा विदिन अवर गेट्स (१९२०) हा चित्रपट ग्रिफिथ यांना दिलेले उत्तर मानला जातो.

परिणाम

नोव्हेंबर १९१५ मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनवर विल्यम जे. सिमन्स यांनी क्लॅनचे पुनरुज्जीवन केले. मूळ क्लॅनमध्ये क्रूस जाळण्याची प्रथा नव्हती. ती डिक्सन यांची कादंबरी व हा चित्रपट यांतून आली. सदस्यभरतीसाठी क्लॅनने पुढे अनेक दशके हा चित्रपट वापरला.

अर्थतज्ज्ञ डेझमंड अँग यांच्या २०२३ साली प्रकाशित संशोधनानुसार, चित्रपट पोहोचलेल्या परगण्यांत लगेचच झुंडबळी व वांशिक दंगली वाढल्या. तसेच शतकानंतरही तेथे द्वेषमूलक गुन्ह्यांचे प्रमाण अधिक आढळले. कृष्णवर्णीय पुरुष स्वभावतःच धोकादायक असतो, ही चित्रपटाने दृढ केलेली प्रतिमा पोलिसी वर्तन व गुन्हेगारीविषयक चर्चेत आजही डोकावते, असे अनेक अभ्यासक मानतात.

वारसा

१९९२ साली ऐतिहासिक महत्त्वामुळे चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. १९९९ साली अमेरिकेतील दिग्दर्शक संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्कारातून ग्रिफिथ यांचे नाव वगळले.