उदगीरची लढाई उदगीरच्या किल्ल्यात शोधू नका

मागच्या भागात कंधारचा भुईकोट पाहिला. मराठवाड्यात रणभूमी बघायला निघालेला माणूस तिथून पुढे उदगीर गाठतोच. खंदक न्याहाळतो, उदागीर बाबांच्या समाधीपुढे हात जोडतो, फारसी शिलालेखाजवळ फोटो काढतो आणि भाऊसाहेबांनी निजामाला इथंच लोळवलं अशा समजुतीत परततो. किल्ला बघण्यासारखा आहे, वाद नाही. पण 1760 ची ती लढाई तटाला शिड्या लावून झालेली नाही. ती चालत्या फौजेशी, वाटेवर झाली.

1759 च्या अखेरीस पेशव्यांनी किल्लेदार कवीजंगला फितवून अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामाशी जुंपली. निजामाचा आधार असलेला फ्रेंच सेनानी बुसी 1758 मध्येच परत गेला होता. त्याच्या तालमीतला इब्राहिमखान गारदी आता मराठ्यांच्या चाकरीत होता. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांना धारूरकडची आपली कुमक गाठायची होती. म्हणून त्यांची फौज उदगीरहून औशाच्या रोखाने सरकू लागली. मध्ये सामानसुमान आणि बाजारबुणगे, भोवती तोफा, असा तो गोल. सदाशिवरावभाऊंनी घोडदळाने त्याची रसद तोडली, गारद्यांच्या तोफा त्याच्यावर लावल्या आणि 3 फेब्रुवारी 1760 रोजी तो फोडला. तहात साठ लाखांचा मुलूख ठरला. दौलताबाद, बुऱ्हाणपूर, विजापूर ही नावं त्यात आली.

तेव्हा बघायची ती ही वाट. संक्रांतीनंतर जा. ज्वारी निसवलेली असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो आणि काळी जमीन तडकून टणक झालेली असते. पावसाळ्यात याच जमिनीत बैलगाडी रुतते, मग तोफखान्याची काय कथा! मोहिमेचे दिवस हे का, ते इथे बांधावर उभं राहिलं की पुस्तकाशिवाय समजतं.

लातूरपासून वीसेक किलोमीटरवरचा औसा चुकवू नका. हा किल्ला मुद्दाम सखल जागी बांधलेला आहे. भोवतालची जमीन उंच असल्याने बाहेरून त्याचा बराचसा भाग दिसतच नाही. आतल्या सर्वांत उंच जागेवरून मात्र लांबून येणारी फौज टिपता येते. तिथे चढून उदगीरच्या दिशेला बघा. स्मारकाचा खांब शोधू नका. तसं स्मारक हवंच, असंही मला वाटत नाही. वॉटर्लूला 1826 मध्ये सिंहाचं शिल्प बसवून टेकडी उभी केली, आणि तिच्यासाठी माती खणली ती रणभूमीचीच. ज्या चढउतारांवर लढाई ठरली, तेच सपाट झाले. आपल्याकडे निदान शिवार शाबूत आहे.

उदगीरनंतर छावणी परतूरला असताना उत्तरेत मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडल्याची खबर आली आणि भाऊ तिथूनच उत्तरेला निघाले. माझ्या मते पानिपतचं बरंचसं कोडं इथेच सुटतं. तोफांवरचा भरवसा उदगीरच्या यशाने पक्का झाला. पुढे 14 जानेवारी 1761 ला भाऊंनी स्वतःच गोल बांधला. मध्ये बुणगे, आघाडीवर गारदी, आणि रसद तुटलेली. औशाच्या वाटेवर निजाम ज्या स्थितीत सापडला होता, तीच आता मराठ्यांची होती.

निजामअलीने उदगीरचा वचपा काढायला पानिपतनंतर फार दिवस लावले नाहीत. तो हिशोब 1763 मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला झाला. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ.