‘ठीक आहे’ म्हणताना मशीन रुसू शकतं का?

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. आई फोनवर ‘बरं, ठेवते’ म्हणते. शब्द रोजचेच, पण ती खूश आहे, थकलीय की रुसलीय, ते आवाजाच्या पोतावरून समजतं. स्वरतंतू घट्ट आवळले की आवाज टोकदार होतो. नीट मिटले नाहीत की हवा निसटते आणि बोलण्यात श्वास ऐकू येतो.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या क्रिस्टर गोबल आणि अ‍ॅल्व्हा नी खासाडे यांनी नेमकं हेच कॉम्प्युटरवर करून पाहिलं. २००३ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. निरोप घेतानाचे दोन साधे स्वीडिश शब्द, पण सात पोतांत: नेहमीचा, ताणलेला, श्वासाळ, कुजबुजता, खरखरीत वगैरे. ऐकणारे आयरिश, स्वीडिशचा गंध नसलेले! तरी ताणलेला आवाज त्यांना रागीट वाटला. सैल, करकरता आवाज मात्र कंटाळलेला वाटला आणि जवळिकीचाही. म्हणजे ‘हा पोत, ही भावना’ असं कोष्टक काही बनत नाही. मोठ्या भावनांपेक्षा हलके मूडच पोतातून जास्त पोचले, हे मला भारी वाटलं.

आजारपणात ज्यांचा आवाज गेला, त्यांना मशीनमधूनच चिडायचं असतं, लाडात यायचं असतं. स्टीफन हॉकिंग यांची गोष्ट वेगळी. एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या आवाजावरून घडवलेला तो सपाट आवाज त्यांनी, चांगले पर्याय आल्यावरही, बदलला नाही. तो त्यांना आपलाच वाटायचा.