बचत गटाचा न लिहिलेला खर्च

कर्ज पाच हजारांचं असो की पाच लाखांचं, बँकेला चौकशी, कागद आणि वसुली करावीच लागते. म्हणून लहान कर्ज बँकेला महाग पडतं. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, ती यावर तोडगा म्हणूनच. दहा ते वीस बाया एकत्र येतात. बँकेच्या दप्तरी कर्जखातं एकच. कर्ज कुणाला द्यायचं, हप्ता कुणाचा थकला, हे गटच पाहतो. बँकेचा खर्च वाचतो.

मग तो गेला कुठं? आमच्या माहूरच्या डोंगराळ भागातल्या वाडीवरून गटाची सचिव हप्ता भरायला बँकेत येते, तेव्हा तिची मजुरी बुडते. दहाजणींची दोन तासांची बैठक म्हणजे वीस तास. थकलेल्या हप्त्यासाठी शेजारणीच्या दारात जाऊन घ्यावा लागणारा वाईटपणा वेगळाच. व्याजाच्या दरात यातलं काहीच दिसत नाही.

मी शब्द मोजणारा माणूस, पण हा हिशेब मला कळतो. सचिवपद आळीपाळीनं फिरावं. बसभाडं आणि बुडालेली मजुरी गटाच्या वहीत खर्च म्हणून लिहावी, आणि ज्या बँकेचं काम वाचलं तिनं त्यातला वाटा उचलावा. बाईचा वेळ फुकट धरला, म्हणून कर्ज स्वस्त होत नाही.