काळ्या फितीतील आठवणी

तुमच्या घरात एखादी जुनी पेटी असेल. तिच्यात लग्नपत्रिका, जुने फोटो, जमिनीचे कागद असे बरेच सामान जपून ठेवलेले असते. त्या सामानात कधीकधी जाड पुस्तकाएवढी, काळ्या प्लॅस्टिकची एक चपटी वस्तू सापडते. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर शाईने लिहिलेले असते 'निकाह' किंवा 'शादी', आणि खाली एक तारीख. कानाजवळ धरून हलवली, तर आत खुळखुळ आवाज येतो. ही वस्तू म्हणजे व्हिडिओ कॅसेट होय.

तुमच्यापैकी अनेकांनी ती चालताना कधीच पाहिली नसेल. तुमच्या अब्बा-अम्मींना मात्र तिचे नाव काढताच खूप काही आठवेल. ही कॅसेट काय होती, ती कशी चालत असे आणि लोकांना तिची अजून आठवण का येते, हे आपण पाहू या.

भंडारा जिल्ह्यातील दिघोरी हे गाव घ्या. हा धानाच्या शेतीचा मुलूख. १९८० नंतरच्या काळात अशा गावांमध्ये व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारे यंत्र, घरोघरी नव्हते. त्याची किंमत सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. मग लोक काय करत? वर्गणी गोळा करत आणि रंगीत टीव्ही, व्हीसीआर व दोन-तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणत. अंगणात किंवा चौकात टेबलावर टीव्ही मांडला जाई. पुढे मुले सतरंजीवर, मागे मोठी माणसे बाजेवर. रात्री सुरू झालेले सिनेमे पहाटेपर्यंत चालत. मध्येच वीज गेली, तर कोणी उठून घरी जात नसे. सगळे अंधारात गप्पा मारत वीज येण्याची वाट पाहत.

त्याआधी टीव्हीवरचा कार्यक्रम ज्या वेळी लागेल, त्याच वेळी पाहावा लागे. भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. रंगीत चित्रे १९८२ मध्ये दिसू लागली. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या आणि देशात टीव्हीची मागणी खूप वाढली. पण एखादा कार्यक्रम चुकला, तर तो कायमचा चुकला. व्हीसीआरने ही अडचण दूर केली. आता कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेता येई आणि हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा पाहता येई. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र ती नवलाची गोष्ट होती.

चित्र फितीवर उतरते तरी कसे? कॅसेटमध्ये प्लॅस्टिकची पातळ, लांब फीत दोन चाकांवर गुंडाळलेली असते. फितीच्या एका बाजूला चुंबकीय पदार्थाचे अतिशय बारीक कण चिकटवलेले असतात. कॅमेरा चित्राचे रूपांतर विजेच्या संकेतांत करतो. हे संकेत 'हेड' नावाच्या छोट्या विद्युतचुंबकात जातात. हेडसमोरून फीत सरकते, तेव्हा तिच्यावरील कण संकेताप्रमाणे चुंबकित होतात. पुढे तीच फीत पुन्हा हेडसमोरून नेली, की कणांमुळे हेडमध्ये तसेच संकेत उमटतात आणि टीव्हीवर चित्र दिसते.

गाण्यांची कॅसेटही याच तत्त्वावर चालत असे. पण आवाजापेक्षा चित्रासाठी कितीतरी जास्त संकेत नोंदवावे लागतात. त्यासाठी फीत फार वेगाने पळवावी लागेल, असे आरंभी शास्त्रज्ञांना वाटले. इंग्लंडमधील बीबीसी या संस्थेने १९५० नंतरच्या दशकात 'व्हेरा' नावाचे एक यंत्र तयार केले. त्यातील फीत एका सेकंदात पाच मीटरहून जास्त पळत असे. हिशोब करून पाहा. केवळ १५ मिनिटांच्या चित्रणासाठी सुमारे साडेचार किलोमीटर फीत लागे! एवढी फीत घरात ठेवायची तरी कुठे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील अँपेक्स कंपनीच्या चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. फीत वेगाने पळवण्याऐवजी त्यांनी हेडच वेगाने फिरवले. त्यांचे यंत्र १९५६ मध्ये लोकांसमोर आले. ते मोठे आणि फार महाग होते. त्यामुळे फक्त टीव्ही केंद्रेच ते विकत घेत. पुढे हीच कल्पना सुधारून जपानी कंपन्यांनी घरगुती यंत्रे बनवली. सोनी कंपनीचे 'बीटामॅक्स' १९७५ मध्ये आले आणि जेव्हीसी कंपनीचे 'व्हीएचएस' १९७६ मध्ये.

व्हीएचएस यंत्रात एक छोटा, तिरका गोल ढोल असतो. त्याच्यावर हेड बसवलेले असतात. आपल्याकडील पद्धतीत हा ढोल मिनिटाला १५०० फेरे घेतो. फीत मात्र त्याच्याभोवती सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाने सरकते. ढोल तिरका असल्यामुळे फितीवर तिरक्या रेघांच्या रूपात चित्र नोंदवले जाते. या युक्तीमुळे तीन तासांचे चित्रण सुमारे अडीचशे मीटर फितीत मावू लागले. कुठे साडेचार किलोमीटर आणि कुठे अडीचशे मीटर! बुद्धीने एखादी अडचण कशी सुटते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

बीटामॅक्स आणि व्हीएचएस यांच्यात मोठी स्पर्धा झाली. सुरुवातीच्या बीटामॅक्स कॅसेटवर एकच तास चित्रण होई. व्हीएचएसवर पहिल्यापासून दोन तास होई, पुढे तीन तासही होऊ लागले. शिवाय जेव्हीसीने आपली पद्धत इतर कंपन्यांनाही वापरू दिली. त्यामुळे व्हीएचएसचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडचा हिंदी सिनेमा बहुधा तीन तासांचा. तो एका कॅसेटवर पूर्ण मावणे ही आपल्या लोकांना किती सोयीची गोष्ट होती, हे तुम्हीच सांगा.

व्हिडिओमुळे लोकांना फक्त सिनेमा पाहायला मिळाला असे नाही. काही जणांनी त्याच्या आधारे सिनेमा बनवलाही. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. तेथे उर्दू बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. या शहरात नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. सिनेमे दाखवता दाखवता आपणही एक सिनेमा काढावा, असे त्यांच्या मनात आले. हाताशी मोठा कॅमेरा नव्हता, पैसा नव्हता, प्रसिद्ध नट नव्हते. लग्नसमारंभात वापरतात तसा साधा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी घेतला. गावातीलच मित्रांना कामे दिली. सन २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा विनोदी सिनेमा तयार झाला. त्याला सुमारे ५० हजार रुपये खर्च आला. मूळ 'शोले'मध्ये डाकू घोड्यांवरून येतात. येथे ते सायकलींवरून आले! मालेगावच्या लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला.

पुढे नासिर शेख यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हा सिनेमा काढला. त्यात सुपरमॅनचे काम शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केले. या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट बनवला. याच मित्रांच्या गोष्टीवर रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२५ मध्ये देशभर प्रदर्शित झाला. शफीक शेख आज हयात नाहीत. कर्करोगाने ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले. पण त्यांचे चालणे, बोलणे, हसणे त्या चित्रणात राहिले आहे. फोटोत माणूस स्तब्ध असतो. चलच्चित्रात तो पुन्हा आपल्याशी बोलतो.

आता आपल्या पेटीतील कॅसेटकडे वळू या. समजा, ती तुमच्या फुप्पीच्या, म्हणजे आत्याच्या लग्नाची आहे. खांद्यावर जड कॅमेरा घेतलेला माणूस मांडवात फिरतो आहे. त्याच्याबरोबर एक मुलगा झगझगीत दिवा धरून उभा आहे. दिवा ज्याच्यावर पडेल तो लाजतो किंवा उगाच टोपी सारखी करतो. त्या गर्दीत तुमचे दादाजान पाहुण्यांना जेवणाचा आग्रह करताना दिसतात. नानी रुखसतीच्या वेळी डोळे पुसताना दिसते. तुमचे अब्बा तुमच्याएवढे आहेत. यांपैकी काही माणसे आज या जगात नसतील. त्यांचा आवाज कदाचित या एकाच फितीवर शिल्लक असेल.

हे सारे त्या फितीवर किती दिवस टिकेल? कॅसेटला आयुष्य असते. कण फितीला चिकटवून ठेवणारा पदार्थ हवेतील ओलावा शोषून घेतो आणि हळूहळू कमकुवत होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते. लाउडस्पीकरसारख्या वस्तूतील चुंबक फार जवळ आला, तर नोंदलेले चित्र बिघडू शकते. फीत जशी जुनी होते, तशी चित्रात पांढऱ्या रेघा दिसू लागतात आणि रंग फिके पडतात. दुसरी अडचण यंत्राची आहे. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. तिने २०१६ मध्ये हे उत्पादन थांबवले. आता चालू स्थितीतील व्हीसीआर आणि तो दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही शोधावे लागतात.

जपले नाही तर काय होते, हे आपल्या सिनेमाच्या इतिहासातून कळते. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात प्रदर्शित झाला. अर्देशिर इराणी यांनी तो काढला होता. तो पाहण्यासाठी लोकांची अफाट गर्दी झाली होती. आज त्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोपर्यंत फार उशीर झाला होता. देशाच्या पहिल्या बोलपटाची ही कथा, तर आपल्या घरातील एका कॅसेटची काय कथा? तिच्यासाठी कोणतेही सरकारी संग्रहालय नाही. तिचे रक्षण घरच्यांनीच करायचे आहे.

यासाठी तुम्ही काय करू शकता? कॅसेट कोरड्या जागी, पुस्तकाप्रमाणे उभी ठेवा. तिच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडून काढला, की तिच्यावर चुकून दुसरे चित्रण होत नाही. फितीवर बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालू नका. तिच्यामुळे यंत्र खराब होते आणि फीतही तुटते. फोटो स्टुडिओत विचारून पाहा. व्हीसीआर संगणकाला जोडून कॅसेटवरील चित्रण संगणकात उतरवता येते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावीच लागते. उतरवलेले चित्रण एकाच ठिकाणी ठेवू नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मोबाईल हरवतो, संगणकही बिघडतो.

मित्रांनो, जुन्या माणसांना व्हिडिओ कॅसेटची आठवण का येते? तिचे चित्र आजच्यासारखे स्वच्छ नव्हते. फीत यंत्रात अडके, तेव्हा पेन्सिलीने किंवा बोटाने चाक फिरवून ती गुंडाळावी लागे. आजची साधने कितीतरी चांगली आहेत. तरीही लोक हळहळतात, ते त्या यंत्रासाठी नव्हे. एका टीव्हीसमोर सारा मोहल्ला बसत असे, त्या सोबतीची त्यांना आठवण येते. आज प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे, पण शेजारी बसून हसणारे कमी झाले आहेत.

म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातील कॅसेटी शोधा. त्यांतील चित्रण उतरवून घ्या आणि ते एकट्याने पाहू नका. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. फीत चेहरे जपून ठेवते, पण नावे सांगणारी माणसेच असतात. ती आहेत तोवर विचारून घ्या.

स्वाध्याय

१. दिघोरीसारख्या गावांत लोक व्हिडिओवर सिनेमा कसा पाहत असत?
२. 'फीत पळवण्याऐवजी हेड फिरवले.' या युक्तीचा काय फायदा झाला?
३. मालेगावच्या तरुणांनी कोणत्या अडचणींवर मात करून सिनेमा बनवला?
४. कॅसेट खराब होण्याची कारणे लिहा.
५. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला जुन्या काळातील एका यंत्राची माहिती विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.